एक कान, दोन तोंडं

समजा, तुमच्या पुढ्यात एक लोखंडी पेटी आहे. पेटी म्हणजे पॉवर अँप्लिफायर. उचलताना आधी कंबर आठवावी आणि मग शेजारी, एवढी जड. पुढच्या बाजूला ना आवाज कमीजास्त करायची चावी, ना बटणांची रांग. एक चालू-बंदचा खटका आणि एक लाल दिवा, संपलं. पाठीमागे दोन भोकं. एक लाल, एक पांढरं. उजव्या स्पीकरचं आणि डाव्या स्पीकरचं. आता तुमच्या डाव्या हाताला रेडिओ आहे, त्याच्यातून लाल-पांढऱ्या वायरची एक जोडी निघालीय. उजव्या हाताला तबकड्या वाजवायचं यंत्र आहे, त्याच्यातूनही तशीच एक जोडी निघालीय. वायरींच्या जोड्या दोन, भोकांची जोडी एक. मागे तुमची थोरली बहीण उभी आहे आणि तिला आत्ता, याच मिनिटाला, हवामानाचा अंदाज ऐकायचाय. काय कराल?

घाई नको. वॉल्व्हभाऊंनीही घाई केली नव्हती. त्यांनी दोन दिवस विचार केला होता, आणि तरी व्हायचं ते झालंच.

ती थोरली बहीण म्हणजे एक्स्चेंजच्या ताई. सगळी गल्ली त्यांना ताईच म्हणायची, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा. कारण एके काळी ताईंच्या हातून गेल्याशिवाय गावात कुणाचं कुणाशी बोलणं होत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. समोर भोकांचा फळा, हातात वायरींच्या दोऱ्या, डोक्यावर कानाचा पट्टा. ‘नंबर सांगा.’ ‘थांबा, जोडते.’ ‘बोला.’ एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. त्या दोऱ्यांवर लोकांची लग्नं ठरली, मोडली, भाऊबंदकी झाली, मिटली. ताईंनी जोडून दिलं आणि त्या बाजूला झाल्या. चोरून ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी पाकीट मारणं. पट्ट्यामुळे त्यांच्या केसांत या कानापासून त्या कानापर्यंत एक खाच पडली होती, ती निवृत्तीनंतरही भरली नाही. दार वाजलं की त्या आतून ‘आले’ म्हणायच्या नाहीत, ‘बोला’ म्हणायच्या. नवखा पोस्टमन बंद दाराशी बराच वेळ बोलत बसायचा.

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. लोक आपापलं बोट घालून आपापला नंबर फिरवायला लागले आणि मधल्या माणसाची गरज सरली. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ताई म्हणाल्या, “घड्याळ आहे माझ्याकडे. ते द्या.” ‘ते’ म्हणजे हॉलमधला अँप्लिफायर आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर, ज्यांतून दर पाळीला ‘फळा क्रमांक चार, चहाला जा’ असं ऐकू यायचं. साहेबांना वाटलं थट्टा चाललीय. शेवटी चार माणसांनी पेटी जिन्यानं वर चढवली, आणि ताईंच्या दोन खोल्यांच्या घरात एक तिसरा बिऱ्हाडकरू आल्यासारखं झालं. दुसरा कोण, असं विचाराल तर रेडिओ.

रेडिओवर ताई गाणी ऐकत नसत. बोलणं ऐकत. बातम्या, बाजारभाव, हरवलेल्या माणसांची वर्णनं, आणि सगळ्यांत आवडीचा म्हणजे सकाळी अकराचा, मच्छीमारांसाठीचा इशारा. समुद्र तिथून दोनशे कोसांवर होता आणि ताईंनी तो जन्मात पाहिला नव्हता. पण ‘समुद्र खवळलेला राहील’ असं त्या बाईनं सांगितलं की ताईंचा दिवस छान जायचा.

चार वर्षांपूर्वी धाकटा भाऊ राहायला आला. बायको गेली होती. आठ दिवस ताईकडे राहून येतो म्हणून निघाला आणि सोबत एक बॅग, तबकड्यांचं यंत्र आणि बायकोच्या त्रेचाळीस तबकड्या घेऊन आला. हे वॉल्व्हभाऊ. पाणी खात्यात चौतीस वर्षं. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून पहाटे चौकाचौकांत वॉल्व्ह फिरवायचे. एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं सुरू. बायको हयात असताना तिनं लावलेली एकही तबकडी त्यांनी धड ऐकली नव्हती. आता ते रोज एक ऐकत. क्रमानं, क्रमांक एकपासून त्रेचाळीसपर्यंत, मग पुन्हा एकपासून. बहुतेक सगळ्या क्लॅरिनेटच्या.

“रोज आवडती लाव ना रे एखादी,” ताई एकदा म्हणाल्या होत्या.

“एक झोन वगळला की त्या भागाचा मोर्चा येतो,” भाऊ म्हणाले.

ही चार वर्षं वायरी काढून-घालून गेली. अकराला ताई मागे जाऊन क्लॅरिनेटची जोडी उपटायच्या आणि रेडिओची खुपसायच्या. पेटी चालू असताना. असं केलं की स्पीकरमधून ‘भॉम्म’ असा आवाज येतो, जणू रेल्वेचं इंजिन जिन्यात अडकलंय. पेटी आधी बंद करावी हे भाऊंनी सुचवलं होतं. ताई म्हणाल्या, “एक्स्चेंज कधी बंद ठेवतात का?”

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. एके दिवशी ते उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधून वर आले.

“ताई, अकरा वाजता तुमच्याकडे काय होतं?”

“हवामान लागतं,” ताई म्हणाल्या.

“माझ्याकडे पेशंट लागला. बोटाला. चांगला कडकडून लागला.”

ताईंना फार वाईट वाटलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी भावाला सांगितलं, “काहीतरी कर बाबा. कायमचं.”

भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि बाजारातून दोन वाय-जोड आणले. एका बाजूला दोन तोंडं, दुसऱ्या बाजूला एक. “दोन टाक्या, एक पाइप,” ते म्हणाले, “मध्ये वाय. आयुष्यभर हेच केलंय, ताई. अर्धं गाव याच्यावर आंघोळ करतं.” तांबड्याला तांबडी, पांढऱ्याला पांढरी, दोन्ही यंत्रं एकाच वेळी जोडली आणि त्यांनी हात झटकले.

रेडिओवरची बाई गोधडीत तोंड खुपसून बोलायला लागली. “समुद्र खव… खव…” क्लॅरिनेट कंगव्यातून फुंकल्यासारखं. बरं, तबकडी बंद केली तरी बाई गोधडीतच. भाऊ गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून नुसतेच वायरींवरून हात फिरवत राहिले.

“उलटा प्रवाह,” त्यांनी निदान केलं. “रेडिओचं सगळं तबकडीच्या यंत्रात शिरतंय.” आणि बंद यंत्राला कान लावला.

“ऐकू येतंय का काही?” ताईंनी विचारलं.

“ढगाळ वाटतंय.”

पाण्याच्या पाइपात असं झालं की एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवतात. भाऊ तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले. तासाभरानं परत आले तेव्हा त्यांची कानशिलं लाल झाली होती.

“काय झालं?”

“मी म्हटलं, नॉन-रिटर्न वॉल्व्ह दे, तीन मिलिमीटरचा. तो म्हणाला, एवढा बारीक? पाणी कसलं आहे? मी म्हटलं, पाणी नाही, क्लॅरिनेट आहे.”

“मग?”

“मग तो हसला. गिऱ्हाईकं हसली. मागे एक सिमेंटची गोणी होती, ती तेवढी हसली नाही. ज्या माणसाच्या दुकानाला मी चौतीस वर्षं पाणी सोडलं, ताई, तो मला हसला.”

त्या संध्याकाळी भाऊंनी मुलीला फोन लावला. मुलगी दूरच्या शहरात राहायची आणि दर महिन्याला म्हणायची, बाबा, इकडे या. ताई स्वयंपाकघरात होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी दार लावून घेतलं, कणिक मळायला घेतली, वर नळ सोडला. पण भाऊ फोनवर असे बोलायचे जणू मधल्या अंतरात तार नाहीच, नुसती हवा आहे.

“नाही, तसा त्रास काही नाही… अगं, पण मला माझं ऐकताच येत नाही इथे… हो… रविवारी? या नको, पुढच्या… हो, सामान बांधून ठेवतो.”

ताईंनी नळ बंद केला. कणकेचा गोळा जरा सैल झाला होता.

निघायला बारा दिवस होते. भावाला ‘जाऊ नकोस’ म्हणणं हा सरळ मार्ग, तो ताईंना सुचला नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या लाइनवर आपण बोलायचं नसतं. बाप-लेकीचं ठरलंय, आपण मध्ये कोण? आपलं काम जोडून द्यायचं. जोडणी नीट नव्हती म्हणून गिऱ्हाईक नाराज झालं. तर जोडणी नीट करायची.

दुसऱ्या दिवशी त्या ओहममास्तरांच्या दुकानात गेल्या. मास्तर कधी कुठे शिकवत नव्हते, पण हातात कायम मीटर, आणि समोर येईल त्याला मीटरच्या दोन सुया लावून बघायची सवय, म्हणून ओहममास्तर. ताईंनी सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा वर केला.

“तुमच्याकडे सोर्स किती?”

ताईंचा चेहराच बदलला. “आमचा कसला आलाय सोर्स! परीक्षा देऊन लागले मी एक्स्चेंजमध्ये. पहिली आले होते. कुणाचा वशिला लावला नाही, की कुणाच्या पाया पडले नाही.”

“अहो ताई, सोर्स म्हणजे आवाज जिथून येतो ते यंत्र.”

“मग यंत्र म्हणा की. दोन आहेत.”

“आणि अँप्लिफायर एक. म्हणजे असं बघा, अँप्लिफायरच्या मागे आहे तो कान. रेडिओतून येतं ते तोंड. तबकडीचंही तोंडच. तुम्ही काय केलंत? तोंडाला तोंड लावलंत. आणि वर तक्रार करता की कानाला ऐकू येत नाही.”

दुकानात आणखी कुणी नाही ना, हे ताईंनी चटकन बघून घेतलं.

“तोंडाला तोंड लागलं की दोघं एकमेकांनाच ढकलत बसतात,” मास्तर रंगात आले. “सगळी ताकद तिथेच जाते. एखादं जळतंसुद्धा. त्यापेक्षा असं करा. एक तर हा खटका घ्या. इकडे फिरवला की रेडिओ, तिकडे फिरवला की तबकडी. एका वेळी एकच तोंड कानाशी, दुसरं सुटं. नाही तर मग रेझिस्टर घालून…”

पण ताईंचं पुढे लक्ष नव्हतं. त्यांनी खटका हातात घेतला होता. काळ्या डबीवर एक गोल चावी. इकडे एक. तिकडे दोन. त्यांनी ती हलकेच फिरवली. टक्.

“म्हणजे एक्स्चेंजच की,” त्या म्हणाल्या. मास्तर पुढे सांगत असतानाच त्या दुकानाबाहेर पडल्या, आणि कितीतरी वर्षांनी जिना त्यांना दोन-दोन पायऱ्यांचा वाटला.

आता खटका उत्तम होता. भॉम्म थांबलं, डॉक्टरांची बोटं वाचली. इथवर कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं तेच झालं. घोळ पुढे झाला. तो ताईंनी मनापासून केला, म्हणून जरा जास्तच झाला.

चावी कुणी फिरवायची? ताईंनी खटक्यासमोर स्टूल मांडलं, एक वही आखली आणि भावाला सांगितलं, “तबकडी ऐकायची असेल तर आधी बुकिंग कर. म्हणजे तुला तुझी लाइन नक्की मिळेल. कुणी मध्ये तोडणार नाही.”

“बुकिंग?”

“साधं, अर्जंट आणि लाइटनिंग.”

“लाइटनिंग म्हणजे?”

“जन्म, मृत्यू किंवा आग.”

“आणि क्लॅरिनेट?”

“क्लॅरिनेट साधं.”

भाऊ आतल्या खोलीतून हाक मारायचे, “एक्स्चेंज, तबकडी क्रमांक एकवीस.” ताई बाहेरच्या खोलीतून म्हणायच्या, “थांबा, जोडते.” मग टक्. मग, “बोला.” भाऊ सुई टेकवायचे. आणि क्लॅरिनेट कुठे वर चढायला लागलंय तोच ताई दारातून डोकावायच्या: “तीन मिनिटं झाली. वाढवायची का?”

“अगं, बावीस मिनिटांची बाजू आहे ती!”

“हो, पण विचारायला लागतं.”

बावीस मिनिटांत त्या सात वेळा विचारायच्या. ताईंना वाटत होतं, आपण भावाला सगळ्यांत चोख सेवा देतोय. वहीत त्याच्या नावापुढे तक्रारीची एकही लाल खूण नव्हती.

सातव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. भाऊंचं अक्षर, खात्याची भाषा. ‘जाहीर सूचना. सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, वितरण व्यवस्थेच्या तांत्रिक कामामुळे उद्या सकाळी हवामानाचा पुरवठा होणार नाही. दुपारनंतर कमी दाबाने होईल. नागरिकांनी आजच पुरेसे ऐकून ठेवावे व काटकसरीने वापरावे.’

ताईंनी दोनदा वाचलं. खाली ‘वाचले’ असं लिहून सही केली, तारीख घातली आणि कागद फायलीत लावला. दुसऱ्या दिवशी अकराला रेडिओ खरंच बोलेना. भाऊंनी आतली बॅटरी आणि वायर दोन्ही काढून ठेवली होती. दुपारी ती परत आली, पण आवाजाची चावी सुतळीनं बांधलेली होती, कमी दाबावर.

“हा काय पोरकटपणा आहे रे?”

“वेळापत्रक आहे. तुझं बुकिंग असेल तर माझं वेळापत्रक का नको?”

ताईंना हेही वावगं वाटलं नाही. भांडतोय म्हणजे आहे. पण त्यानंतर बुकिंग थांबलं. गुरुवारी एक नाही. शुक्रवारी एक नाही. ताई स्टुलावर बसून राहिल्या. एक्स्चेंजमध्ये एखाद्या नंबरावरून दिवसचे दिवस कॉल आला नाही की वरून कागद यायचा आणि त्या नंबराची तार काढून घेत. ताईंनी अशा कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या होत्या.

शनिवारी सकाळी त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दाराशी दोन बॅगा बांधून ठेवलेल्या. खोक्यात तबकड्या. भाऊ जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, यंत्रावर एक तबकडी फिरत होती, आणि त्यांचा कान सुईपासून चार बोटांवर होता. अँप्लिफायरशी काही जोडलेलं नसलं तरी सुई स्वतःच बारीक वाजते. मुंगीला नाक असतं तर ती जशी गुणगुणली असती, तसं. भाऊ तेवढं ऐकत होते. हातानं ताल धरला होता. तोही बारीक.

ताई आल्या पावली मागे फिरल्या, चपला घातल्या आणि ओहममास्तरांकडे गेल्या.

“तुम्ही त्या दिवशी दुसरं काहीतरी सांगत होतात. रेझिस्टरचं.”

“सांगत होतो, तुम्ही निघून गेलात,” मास्तर म्हणाले. पण सांगायची हौस रागापेक्षा मोठी होती. “चार रेझिस्टर घ्यायचे, दोन यंत्रांच्या लाल-पांढऱ्या मिळून चार वायरींना. प्रत्येक तोंडापुढे एकेक पदर धरल्यासारखा एकेक लावायचा. मग तोंडं एकमेकांना भिडत नाहीत, आणि कान दोघांचंही ऐकतो. खटका नाही की काही नाही. ज्याला बोलायचंय त्यानं आपल्या यंत्राचा आवाज वाढवायचा, नको त्यानं कमी करायचा.”

“आणि मध्ये कोण बसतं?”

“कुणीच नाही.”

“ऑटोमॅटिक,” त्या म्हणाल्या. चारचौघांत म्हणू नये असा शब्द तोंडातून निसटावा तशा.

“तसंच म्हणा. सॉकेट किती देऊ? सहा लागतील, वायरी काढता-घालता यायला.”

“सॉकेट नकोत. वायरी थेट सोल्डर करीन.”

“मग निघणार नाहीत पुन्हा.”

“किती झाले रेझिस्टरचे?” ताईंनी विचारलं.

सोल्डरिंग त्यांच्या हातात होतं. फळ्याच्या तुटक्या दोऱ्या एक्स्चेंजमध्ये त्याच जोडायच्या. भाऊ दुपारी रेल्वेचं तिकीट बघायला गेले तेवढ्यात त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, खिळ्यानं तीन भोकं पाडली, एकातून रेडिओची वायर आत घेतली, दुसऱ्यातून तबकडीची, तिसऱ्यातून अँप्लिफायरची बाहेर काढली. टोकांच्या पिना कापून टाकल्या. आत चार रेझिस्टर, तांदळाएवढे. तबकडीच्या यंत्राकडचं टोकही त्यांनी यंत्र उघडून आतच पक्कं केलं, आणि रेडिओचंही. वर झाकण लावलं. मग खटका, वही आणि स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

रविवारी साडेदहाला भाची आली. भरभर बोलणारी, भरभर चालणारी. स्टेशनवर जायची गाडी खाली उभी करून आली होती. “आत्या, कशी आहेस? बरीच वाळलीस. बाबा, झालं ना सगळं? गाडीवाला घाई करतोय.” बॅगा दारात गेल्या. खोकं दारात गेलं. राहिलं तबकडीचं यंत्र. भाऊ ते उचलायला गेले तर ते दोन विती वर आलं आणि अडकलं.

“वायर काढा ना बाबा.”

भाऊ वाकले. वायर धरून मागे मागे गेले. डबा लागला. पलीकडून मागे मागे आले. यंत्र लागलं. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं, अंगठ्यानं जोड चाचपला, नखानं खरवडून बघितला. मग वर पाहिलं ते मुलीकडे नाही, बहिणीकडे.

“पक्का जोड आहे हा,” ते म्हणाले.

“म्हणजे काय?”

“निघत नाही.”

“मग कापा. आत्या, कात्री कुठाय?”

“कापा?” भाऊंनी डबा छातीशी धरला. “असा वाटेल तेव्हा कापतात होय पक्का जोड? वॉल्व्ह असेल तर फिरवता येतो. कच्चा जोड असेल तर पान्यानं सुटतो. पक्का जोड तोडायला लेखी परवानगी लागते, बाई. चौतीस वर्षं नोकरी केलीय मी.”

“कुणाची परवानगी?”

“ज्यानं जोड दिला त्याची.”

भाचीनं कपाळाला हात लावला. खाली गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. “ठीक आहे. आत्या, दे बाई परवानगी.”

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘थांबा, जोडते’ इथे चालण्यासारखं नव्हतं. ‘बोला’ म्हणावं तर समोरचे दोघं त्यांच्याच बोलण्याची वाट बघत होते. लाइनवर त्या एकट्याच होत्या.

“देत नाही,” ताई म्हणाल्या.

“का?”

ताई केसांतली ती खाच चाचपायला लागल्या. मग भाऊच म्हणाले, “कारण विचारायची तरतूद नाही. अर्ज फेटाळला की फेटाळला.”

“बाबा, तुम्हीच म्हणालात फोनवर, इथे ऐकायला मिळत नाही!”

“हो. तेव्हा जोड वेगळा होता.”

एवढं म्हणून त्यांनी यंत्र जागेवर ठेवलं, खोक्यातून त्या दिवसाची तबकडी काढली, एकतिसावी, आणि सुई टेकवली. अकरा वाजले होते. ताईंचा हात आपोआप रेडिओकडे गेला, अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी रेडिओही लावला. क्लॅरिनेट सुरू झालं आणि त्याच्या सोबतीनं ती बाई स्वच्छ, मोकळ्या आवाजात सांगायला लागली की समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी किनाऱ्यापासून दूर जाऊ नये. ‘दूर जाऊ नये’पाशी क्लॅरिनेट नेमकं वर चढलं.

भाची दोन्ही स्पीकरकडे आळीपाळीनं बघत राहिली. “हे गाणं आहे की इशारा?”

“दोन्ही,” भाऊ म्हणाले. “दाब समान आहे.”

तिनं खाली जाऊन गाडी परत पाठवली. वर येऊन चहा प्याली, आत्याशी भांडली, बापाशी भांडली, दोघांनाही एकाच शब्दात वेडं ठरवलं आणि दुपारच्या रेल्वेनं गेली. ती जिना उतरत असताना भाऊंनी दोन्ही बॅगा स्वतःच आत नेल्या. ताईंनी मदत करू का विचारलं नाही. दार तेवढं उघडं धरलं.

हे सगळं झालं ते बरंच झालं. पण सोमवारी ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. आवाज कमी येत होता. रेडिओचाही आणि तबकडीचाही. दोघांनाही आपापली चावी पूर्वीपेक्षा बरीच पुढे न्यावी लागत होती. त्यांनी ओहममास्तरांना फोन लावला.

“होणारच,” मास्तर म्हणाले. “या जोडणीत प्रत्येकाचा निम्मा आवाजच पुढे जातो.”

“आणि उरलेला निम्मा?”

“तो जिरतो. तुमच्या त्या डब्यात. उष्णता होऊन जाते त्याची.”

ताईंनी फोन ठेवला आणि डब्याला हात लावला. गार. झाकण काढून एकेका रेझिस्टरवर बोट टेकवलं. चारही गार. दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेट आणि हवामान दोन्ही जोरात लावून पुन्हा पाहिलं. भाऊंनी डबा उचलून खाली हात फिरवला आणि सांगितलं, गळती नाही, ओल कुठेच नाही. डॉक्टर वर येऊन थर्मामीटर लावून गेले. त्यांना जे दिसलं ते खोलीइतकंच होतं. मास्तरांना पुन्हा फोन केला तर ते म्हणाले, इतकी बारीक उष्णता बोटाला कळत नाही, ताई, विश्वास ठेवा. पण विश्वासावर ताईंनी आजवर एकही नंबर जोडला नव्हता.

म्हणून अजूनही रोज सव्वाअकराला, समुद्राचं सांगून झालं की, त्या झाकण उघडतात आणि बोट लावून बघतात. निम्मा त्याचा, निम्मा माझा, त्या मनाशी म्हणतात, असा एक अख्खा आवाज रोज या डब्यात जातो. मग डबा गार कसा?